चावून पास

सोलापूर जिल्ह्यातल्या जबड्यांचा कुणी क्रमांक लावला असता, तर पहिले दोन उजनीच्या पाण्यातल्या मगरींना गेले असते आणि तिसरा आमच्या घरमालकीणबाईंना. हे माझं मत नाही, त्यांचंच. मगरींना वरचे नंबर दिले तेही त्यांनी केवळ मोठ्या मनानं.

सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणायची, मीही म्हणायचो. खाली त्यांचं कडक भाकरीचं केंद्र, वर माझी भाड्याची खोली. मी मोहोळहून आलेला, एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करणारा माणूस. ज्याचा वाढदिवस असेल त्याला बॅनरवर गोरा करायचा, त्याच्या मागे वाघ उभा करायचा आणि खाली शुभेच्छुकांचे चाळीस चेहरे दाटीवाटीनं बसवायचे, हा माझा धंदा.

आक्का मला नावानं कधी हाक मारत नसत. नाव आईबाप ठेवतात, त्यात माणसाचं काय कर्तृत्व, असं त्यांचं म्हणणं. त्या माणसाला त्याच्या गावानं हाक मारायच्या. मी ‘मोहोळ’. दूधवाला ‘कुंभारी’. केंद्रावर भाकऱ्या करणाऱ्या सहा बायकांत नरसम्मा नावाची एक तेलुगू बाई होती, ती जन्मापासून सोलापूर शहरातल्या पूर्व भागातलीच, म्हणून ती ‘पूर्वभाग’. “ए मोहोळ, खाली ये!” अशी हाक आली की मला एक अख्खा तालुका जिना उतरतोय असं वाटायचं.

कडक भाकरी म्हणजे काय, ते परगावच्या माणसाला सांगायला हवं. ज्वारीची, पापडासारखी पातळ, तव्यावर भाजून मग निखाऱ्याच्या उबेला इतकी सुकवायची की तिच्यात पाण्याचा थेंब राहता कामा नये. नीट सुकली तर महिनोन्‌महिने टिकते. पोटात जराशी ओल राहिली, तर बंद पिशवीत आठ दिवसांत बुरशी. सगळा धंदा या ओलीवर उभा किंवा आडवा.

आणि ओल ओळखायचं यंत्र आक्कांच्या तोंडात होतं. बाराच्या ठोक्याला सहा जणींचे सहा ढीग ओळीनं मांडले जायचे. आक्का खुर्चीवरून उठायच्या, प्रत्येक ढिगाच्या मधली एक भाकरी ओढायच्या, उजव्या दाढेखाली धरायच्या आणि चावायच्या. समोरच्या वडावरचे कावळे एकदम उडायचे, इतकंच सांगतो. मग एकच शब्द: “पास.” किंवा “परत!” परत म्हटलं की तो सगळा ढीग पुन्हा शेगडीवर. त्यावर अपील नाही.

हा मान त्यांना सासूनं दिलेला. सासूच्या दाढा पडल्या तेव्हा तिनं घरातल्या प्रत्येकाला भाकरी चावायला लावली होती, आणि ओली कुठली ते फक्त थोरल्या सुनेनं ओळखलं होतं. तेव्हापासून घरचा कायदा ठरला: माल जो पास करतो, केंद्रातली खुर्ची त्याची. यजमान वारले तरी आक्कांची खुर्ची हलली नाही. धाकटे दीर, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, ते पिशव्या भरणं, पार्सल पाठवणं, दुकानदारांशी बोलणं असं सगळं करायचे. खुर्चीवर मात्र त्यांना कधी बसायला मिळालं नव्हतं. ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे. वर्षानुवर्षं.

अशा या जबड्याला एक दुखणं लागलेलं होतं. कानाखाली सुरू व्हायचं, कानशिलात चढायचं, तिथून कपाळभर पसरायचं आणि दुपारी डोळा उघडेनासा करायचं. मग आक्का टॉवेल बांधायच्या. त्या टॉवेलची एक भाषा होती आणि ती शिकल्याशिवाय त्या घरात भाडेकरू टिकत नसे. कपाळावर आडवा असेल, तर बोलायला हरकत नाही. हनुवटीखालून डोक्यावर उभा असेल, तर कामापुरतं. आडवा आणि उभा दोन्ही असले, तर अण्णासुद्धा मागच्या दारानं यायचे.

दुपारच्या झोपेत त्या दात खायच्या. राहायला आलो त्या आठवड्यात मला वाटलं, खाली गिरणी सुरू झाली. मी जोंधळ्याचा डबा घेऊन दळायला खाली गेलो होतो. खोटं वाटत असेल तर नरसम्माला विचारा, डबा तिनंच परत वर आणून दिला.

उपाय सगळे झाले. सुंठीचा लेप झाला, चष्म्याचा नंबर चारदा बदलून झाला. एका दातांच्या डॉक्टरनं चांगली धडधाकट डावी दाढ उपटली. दुखणं जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी आक्का त्याच्या दवाखान्यात जाऊन बसल्या. “तिची काय चूक नसताना काढली. परत बसवा.” दोन तास हलल्या नाहीत. शेवटी त्यानं ती दाढ कागदात गुंडाळून हातात दिली. ती आक्कांनी देव्हाऱ्यात ठेवली होती. निरपराध म्हणून.

मग सात रस्त्याला जबड्याची एक नवी डॉक्टरीण आल्याचं कळलं. मी माझ्या गाडीवर मागं बसवून आक्कांना घेऊन गेलो. डॉक्टरीण तिशीची, शिकलेली पुण्यात. झालं, तिचं नाव ‘पुणं’ पडलं.

तिनं आक्कांच्या दोन्ही गालांवर बोटं ठेवली. “दात घट्ट आवळा बघू.”

आक्कांनी आवळले. डॉक्टरणीची बोटं वर उचलली गेली.

“बापरे! हा स्नायू लिंबाएवढा झालाय, आक्का. दिवसा भाकरी चावता, आणि झोपेत तोंडात काही नसताना चावता. त्याला सुट्टीच नाही. डोकं त्यानंच दुखतंय.”

“म्हंजे डोक्यात काय न्हाय?”

“काही नाही.”

“हे आमच्या जावंला कळू देऊ नका, पुणं. ती आधीच तसं म्हंती.”

डॉक्टरणीनं समजावून सांगितलं. या स्नायूत आणि कानशिलात बारीक सुया द्यायच्या. दहाबारा दिवसांत स्नायू सैल पडतो, ओढ कमी होते. तीन-चार महिन्यांनी असर उतरतो, मग पुन्हा घ्याव्या लागतात. सगळ्यांनाच सारखा गुण येतो असंही नाही.

“औषध कशाचं म्हनायचं?”

“खरं सांगू? मुळात ते विषच आहे. नासलेल्या डबाबंद अन्नात जंतू तयार करतात ते. आम्ही अगदी कणभर, मोजून वापरतो.”

आक्कांचा चेहरा उजळला. “विष हाय व्हय? मग काम करंल. गोडगोड औषधं लई पिऊन झाली.”

“पण चावायची ताकद कमी होणार. कडक खाणं थोडे दिवस बंद ठेवा.”

“किती कमी?”

“थोडी.”

“थोडी गेली तर जाऊ द्या. माझ्याकडं लई उरती की.”

या शेवटच्या वाक्यात पुढचं सगळं रामायण होतं, पण तेव्हा ते आम्हा तिघांपैकी कुणालाच ऐकू आलं नाही. सुई हातात घेतल्यावर आक्कांनीच डॉक्टरणीला धीर दिला. “भिऊ नको पुणं, टोच.” चार तास आडवं व्हायचं नाही असं तिनं बजावलं होतं, तर आक्का चार तास गल्लीत उभ्या राहिल्या. बसायला बंदी नव्हती. पण आक्का कुठलीही गोष्ट अर्धवट करत नसत.

बाराव्या दिवशी मी कामावरून आलो, तर टॉवेल दोरीवर. दुसऱ्या दिवशीही दोरीवर. आक्का पायरीवर हात मांडीत घेऊन बसलेल्या. मी विचारलं, बरं आहे ना?

“मोहोळ,” त्या म्हणाल्या, “इतकी वर्सं दुपार झाली की दुखण्यात जायची. आज डोकं दुखंना, तर दुपार संपंना. ही कुनाची दुपार माज्या दारात आलीय म्हनून मगाधरनं बघत बसलेय.”

मीही त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

दुखणं गेलं तसा त्यांचा चेहराही थोडा बदलला. गालांचे चौकोन जरा गोल झाले. एवढं पुरे होतं. अण्णांच्या बायकोनं, म्हणजे जावबाईंनी, एका लग्नाच्या पंगतीत विषय काढला. “सिनेमातल्या बाया घेतात ती सुई घेतलीय म्हणं! नवरा जाऊन इतकी वर्सं झाली, आता तोंड कुनाला दाखवायचंय?” पंगत उठायच्या आत ती बातमी पाच गल्ल्या फिरून जिलबीबरोबर परत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का माझ्या दुकानात हजर.

“मोहोळ, बॅनर कर. धा बाय पंधरा.”

“कुणाचा वाढदिवस?”

“कुनाचा न्हाय. लिही.”

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. ‘होय! मी जबड्याला सुया घेतल्या. डोकेदुखी थांबली. ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी पंगतीत न विचारता केंद्रावर येऊन विचारावे. वेळ सकाळी दहा ते बारा. दुपारी मी झोपते.’

“मागं वाघ टाकू का, आक्का?”

“वाघ कशाला? मी हाय की.”

“आणि शुभेच्छुक?”

इथं आक्का हसल्या. पदराखालून एक कागद निघाला. पंगतीत कोण कोण काय काय बोललं, त्या सगळ्यांची नावं, मानानुसार. पहिल्या जागी जावबाई.

बॅनर चौकात लागला आणि गल्ली खाली जमली. शुभेच्छुकांना तक्रार करायची होती, पण करता येईना, कारण फोटो चांगले आले होते. जुन्या बॅनरमधले फोटो काढून मी सगळ्यांना भरपूर गोरं केलं होतं. एकीनं तर मला बाजूला घेऊन विचारलं, यातला माझा एकटीचा फोटो वेगळा काढून मिळेल का. दोन दिवसांनी बॅनर उतरला, पण तोवर डोकं धरून येणाऱ्या बायकांची केंद्रावर रांग लागली होती. आक्का प्रत्येकीचा गाल दाबून बघायच्या आणि सांगायच्या, “सगळ्यांचं डोकं एकाच कारनानं दुखत न्हाय. आधी डाक्टरला दाखव. लाजायचं न्हाय. दुखनं लपवायला ते काय चोरीचं हाय?”

इथवर आक्का जिंकत होत्या. मग अकलूजच्या दुकानदाराचा फोन आला.

त्याला पाठवलेली सगळी पार्सलं परत आली. अण्णांनी एक पिशवी सगळ्यांसमोर फोडली. भाकऱ्यांवर हिरवी लव. दुसरी फोडली, तीच गत. सहा जणी खाली बघत उभ्या. माल कुणी पास केला होता, ते विचारायची गरज नव्हती.

झालं होतं ते असं. जबडा सैल पडला होता, आणि सैल जबड्याला अर्धी ओली, वातड भाकरीही दगड लागत होती. दाढेनं सांगितलं, चाववत नाही म्हणजे कडक. आणि आक्कांनी जन्माच्या सवयीनं दाढेवर विश्वास ठेवला. पास, पास, पास. त्या पंधरवड्यात त्यांनी एकदाही ‘परत’ म्हटलं नव्हतं आणि आम्हा कुणाच्या ते ध्यानात आलं नव्हतं. डोकं दुखत नाही म्हणून आक्का खुशीत आहेत, एवढंच आम्हाला वाटलं.

अण्णांनी हात झटकले. “वैनी, आता एक ठरवा. सुई, नायतर खुर्ची.”

आक्कांनी ती हिरवी भाकरी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. भांडल्या नाहीत. “चूक माझी हाय,” म्हणाल्या आणि आत गेल्या. मी त्यांना एवढ्या हळू आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून माल अण्णा चावू लागले. त्यांनी बुरशीचा असा धसका घेतला होता की जो ढीग येईल तो परत. भाकऱ्या तीन तीनदा शेकल्या जाऊ लागल्या आणि पिशवीला हात लावला की आतून भुगा. दुकानदार विचारू लागले, हे चमच्यानं खायचं का? अण्णा खुर्चीवर बसत, पण कडेला. आक्का भिंतीशी पाटावर.

त्या दिवसांतच एका दुपारी मी केंद्रावर होतो. बायका जेवत होत्या. आक्का डोळे मिटून भिंतीला टेकल्या होत्या. अचानक म्हणाल्या, “पूर्वभाग, तू खातीस ती भाकरी कुठल्या ढिगातली?”

नरसम्मा घाबरली. “कालच्या, अजून दुसऱ्यांदा शेकला न्हाय त्या. का, आक्का?”

“वली हाय. मोडून बघ.”

नरसम्मानं मोडली. भाकरी मोडेना, वाकली.

“तुमाला कसं कळालं? माज्या तोंडातली!”

“वाजली न्हाय नीट,” आक्का म्हणाल्या, आणि पुन्हा डोळे मिटले. पण या वेळी त्या झोपल्या नव्हत्या. दुसऱ्याच्या घासाकडे कान लावून बसल्या होत्या. मला ते कळलं, कारण त्यांचे ओठ हलत होते: पास. पास. परत.

चौथ्या महिन्यात सुईचा असर उतरला. दुपारची गिरणी पुन्हा सुरू झाली. टॉवेल कपाळावर आडवा आला, आठवड्यानं उभा. आणि मग घरात एक गोष्ट झाली, जी मी विसरू शकत नाही. घरातले सगळे खूश झाले. तोंडानं कुणी बोललं नाही, पण जावबाई स्वतः चहा घेऊन येऊ लागल्या. अण्णांनी एक दिवस भाकरी पुढे केली. “वैनी, जरा चावून बघता का? आता जमंल तुमाला.” दुखणं परत आलं म्हणजे दाढ परत आली. दाढ आली म्हणजे माल सुधारला.

आक्कांनी डोक्याचा टॉवेल सोडला. डोळे लाल होते.

“भावजी, माजं डोकं ठनकलं तरच तुमचा माल खपतो, असं हाय व्हय? मग हा भाकरीचा धंदा न्हाय. माज्या दुखण्याचा धंदा हाय.”

“तसं न्हाय वैनी...”

“साकु!” आक्कांचं माहेर अक्कलकोटकडचं. पुरे म्हणायचं असलं की त्यांना कानडीच पुरायची. “मोहोळ, गाडी काढ.”

त्यांनी दुसऱ्यांदा सुया घेतल्या. येताना म्हणाल्या, गाडी मागच्या गल्लीनं नको, चौकातून घे. हळू घे.

पंधरा दिवसांनी, बाराच्या ठोक्याला, आक्का केंद्रात आल्या आणि सरळ खुर्चीवर बसल्या. डोक्याला टॉवेल नव्हता. अण्णा खुर्चीजवळच उभे होते.

“वैनी, तुमी सुई घेतली. कायदा ठाऊक हाय तुमाला.”

“हाय की. माल जो पास करंल, खुर्ची त्याची. दाढ कुनाची असावी, ते काय सासूबाईंनी सांगितलं न्हवतं. आज तुमची दाढ द्या. भाकऱ्या तुमीच निवडा, मला दाखवू नका. मी डोळं मिटते.”

बायकांनी तवे खाली उतरवले. जावबाई दारात आल्या. अण्णा आत जाऊन पाच भाकऱ्या घेऊन आले, पदरानं झाकाव्यात तशा पंच्यानं झाकून. आक्कांच्या कानाशी वाकले आणि पहिली चावली.

“पास.”

नरसम्मानं उरलेली मोडली. कडाड्, दोन तुकडे.

दुसरी.

“परत. कड सुकलीय, मधी वली हाय.”

नरसम्मानं मोडायला घेतली. मधे वाकली.

तिसरी चावताना अण्णांच्या तोंडावर हसू होतं, कारण ती त्यांची खास होती. “ही आजची न्हाय. कालची. दोनदा शेकलीय. पिशवीत भुगा हुईल. बाजूला ठेवा.” अण्णांचं हसू गेलं. चौथी. “पास.” मोडली. कडाड्.

पाचवी अण्णांनी जोर लावून चावली. आक्कांच्या भुवया जवळ आल्या. एक शब्द येईना. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

“काय, वैनी? अडलं?” अण्णा म्हणाले.

“भाकरी पास हाय.” आक्कांनी डोळे उघडले. “पर तिच्या मागनं आनखी एक आवाज आला. तोंड उघडा.”

“का म्हनून?”

“उघडा की!”

अण्णांनी तोंड उघडलं. कानाजवळ, सगळ्यांना ऐकू येईल असं, कट्ट झालं.

“मिटा.” कट्ट. “सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतोय? कानशील ठनकतंय?”

अण्णांचा हात आपोआप कानशिलाकडे गेला आणि तिथंच राहिला. दारातून जावबाईंनी राहवेना म्हणून सांगून टाकलं, “झोपेत दात खातात की, आक्का! वर्स झालं. डोकं धरून बसतात सकाळी. कुनाला सांगू नको म्हनतात.”

अण्णांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा मोडलेल्या भाकऱ्यांकडे. मग ते खुर्चीशी वाकले आणि आक्कांच्या कानात अगदी हळू म्हणाले, “वैनी, ती सुई... दुखती का?”

“ऐकू आलं न्हाय,” आक्का म्हणाल्या. मघाशी दुसऱ्याच्या तोंडातली ओल त्यांना ऐकू आली होती. “मोठ्यानं इचारा, भावजी. मी काय चोरून घेतली न्हवती.”

अण्णांनी घसा साफ केला. सहा बायका, जावबाई आणि मी, सगळ्यांसमोर त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. आणि मोठ्यानं विचारलं.